हायड्रोजन बस घेण्याआधी आगारात मांडायची गणितं

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका शहर परिवहन उपक्रमासमोर १२ मीटर लांबीच्या २० वातानुकूलित बस घेण्याचा प्रस्ताव आहे. प्रत्येक बस रोज साधारण २२० किलोमीटर धावेल. आगारात सीएनजी पंप आधीपासून आहे. या बस हायड्रोजन फ्युएल सेलच्या, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून बसमध्येच वीज करून मोटर चालवणाऱ्या, घ्याव्यात का, घेतल्या तर आगारात काय काय लागेल आणि नेमकं बिघडतं काय?

या सगळ्यात बस हा सर्वात कमी काळजीचा भाग आहे. निविदा मात्र बहुतेक वेळा बसपासूनच लिहायला घेतात आणि गॅस, पंप वगैरे 'पुढे बघू' म्हणून सोडून देतात. तसं करू नका. आधी गॅस, मग पंप, मग बस, असा क्रम ठेवा. कॅनडातल्या व्हिसलरमध्ये २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या निमित्ताने २० हायड्रोजन बस आल्या. त्यांचा गॅस देशाच्या दुसऱ्या टोकाहून, क्वेबेकहून, टँकरने यायचा. २०१४ मध्ये तो ताफा बंद झाला. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बसचा बेत जानेवारी २०२२ मध्ये सोडून दिला. इंधनाचा हिशेब हायड्रोजनवर किलोमीटरला ९५ युरो सेंट आणि विजेवर १५ सेंट निघाला, म्हणून. दोन्हीकडे अडलं ते इंधनाच्या हिशेबात.

बसचं तंत्र मात्र या वीस वर्षांत खरोखर पुढे गेलंय. २००३ पासून युरोपातल्या नऊ शहरांत प्रत्येकी तीन अशा २७ बस चालवून पाहिल्या गेल्या, तेव्हा १०० किलोमीटरला २० किलोहून जास्त हायड्रोजन लागायचा, कारण त्या बसमध्ये ब्रेकची ऊर्जा साठवायला बॅटरीच नव्हती. आज बॅटरी जोडलेली १२ मीटरची बस ८ ते ९ किलोत १०० किलोमीटर जाते. आयुष्याचा प्रश्नही बराच सुटलाय. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या बससेवेत एका फ्युएल सेलने २५,००० तासांचा टप्पा ओलांडला.

गॅस किती, कुठून

तेव्हा आपल्या या २० बसचा हिशेब करू. वातानुकूलन धरून १०० किलोमीटरला ८.५ किलो घ्या. २२० किलोमीटरला एका बसला १८.७ किलो, २० बसना रोज ३७४ किलो. पुढचं प्रत्येक यंत्र या आकड्यावर बेतायचं आहे.

हा हायड्रोजन आगारातच विजेने पाणी फोडून करायचा म्हटलं, तर इलेक्ट्रोलायझरला किलोमागे ५० ते ५५ युनिट आणि तो दाबून भरायला आणखी ३-४ युनिट लागतात. एकूण ५८ धरा. रोज जवळपास २१,७०० युनिट झाले. दिवसातले २२ तास यंत्र चालवलं तरी साधारण १ मेगावॉटची जोडणी हवी. आता हाच ताफा बॅटरीचा असता तर? किलोमीटरला चार्जिंगचा तोटा धरून १.४ युनिट, म्हणजे २० बसना रोज ६,१६० युनिट. रात्रीच्या सहा तासांत चार्ज करायला तेवढीच, सुमारे १ मेगावॉटची जोडणी. म्हणजे 'आमच्याकडे मोठी वीजजोडणी मिळत नाही म्हणून हायड्रोजन' हा युक्तिवाद गॅस बाहेरून येणार असेल तरच टिकतो. आगारात गॅस बनवणार असाल तर जोडणी तेवढीच लागते आणि वीज साडेतीनपट जाते.

सौरऊर्जेवर करू, असं लगेच सुचतं. महाराष्ट्रात १ मेगावॉट सौरप्रकल्प दिवसाला सरासरी ४,००० ते ४,५०० युनिट देतो. २१,७०० युनिटसाठी ५ मेगावॉट, म्हणजे साधारण २० एकर जमीन. पावसाळ्याचे तीन-चार महिने उत्पादन घसरतं, पण बसफेऱ्या तेवढ्याच राहतात. त्या काळात ग्रिडची वीज घेणार का, हे करारात आधी ठरलं पाहिजे, कारण 'स्वच्छ' हा शब्द टिकणार की नाही ते तिथे ठरतं.

आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे आजही ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ५८ युनिटला ४० किलो. म्हणजे ग्रिडच्या विजेवरच्या हायड्रोजनने बस १०० किलोमीटर चालवली तर जवळजवळ ३४५ किलो. लिटरला ३ किलोमीटर देणारी वातानुकूलित डिझेल बस तेवढ्याच अंतरात धुराड्यातून सुमारे ९० किलो सोडते. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन करताना किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १०० किलोमीटरला ७७ ते ८५ किलो, डिझेलच्या जवळपास तेवढंच. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये 'हरित' ठरवण्यासाठी किलोमागे २ किलोची मर्यादा घातली. त्या गॅसवर चालवली तर १७ किलो. बस तीच, टेलपाइपमधून पाणीच पडतंय, पण आकडा १७ ते ३४५ कुठेही असू शकतो. (बॅटरी बसही आजच्या ग्रिडवर ९८ किलोच्या घरात जाते, हेही सांगायला हवं. शहराची हवा दोन्हींनी सुधारते. हवामानाचं श्रेय मात्र वीज कुठली यावर ठरतं.) म्हणून गॅसच्या खरेदीकरारात स्रोताचा दाखला आणि बारा महिन्यांच्या सरासरीचा आकडा मागा.

माझ्या मते पहिल्या ताफ्यासाठी सर्वात शहाणा स्रोत वेगळाच आहे. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात मिठाच्या पाण्यातून वीज घालवताना हायड्रोजन आपोआप निघतो, एक टन कॉस्टिकमागे २५ किलो. रोज ३७४ किलो म्हणजे अवघ्या १५ टन कॉस्टिकचा जोडगॅस. हा गॅस बराच शुद्ध असतो, त्यातला क्लोरीन, ऑक्सिजन आणि ओल तेवढी काढावी लागते. कारखाना तो गॅस हवेत सोडत असेल तर सोन्याहून पिवळं. बॉयलरमध्ये जाळत असेल तर मात्र त्याच्या जागी ते कोणतं इंधन जाळणार हे विचारा. कोळसा जाळणार असतील तर तुमचा हिशेब पुन्हा बिघडला.

टँकरचंही गणित करा. २०० बारच्या (हवेच्या सुमारे २०० पट दाबाच्या) पोलादी नळ्यांचा ट्रेलर २०० ते ३०० किलो आणतो आणि शेवटचा थोडा गॅस त्यातच राहतो. ३७४ किलोसाठी रोज दोन फेऱ्या. हलक्या संमिश्र सिलिंडरचे जास्त दाबाचे ट्रेलर कितीतरी जास्त नेतात, पण महाग असतात. ५०-६० किलोमीटरच्या पलीकडून पोलादी ट्रेलर आणायचा असेल तर मी पुढे जाणार नाही.

शुद्धतेशी तडजोड नाही

फ्युएल सेलच्या हायड्रोजनसाठी आयएसओ १४६८७ हे मानक आहे आणि त्यातल्या 'डी' दर्जाला ९९.९७ टक्के शुद्धता लागते. पण ९९.९७ हा आकडा फसवा आहे. उरलेल्या ०.०३ टक्क्यात काय आहे ते महत्त्वाचं. नायट्रोजन असेल तर फार बिघडत नाही. कार्बन मोनॉक्साइड मात्र ०.२ पीपीएमच्या (दहा लाखांत ०.२ भागाच्या) वर नको आणि गंधकाची सगळी संयुगं मिळून ०.००४ पीपीएम, म्हणजे अब्जात चार भाग. दोन्ही फ्युएल सेलमधल्या प्लॅटिनमच्या कणांना चिकटतात. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेला काही अंशी सुटतो, गंधक सहज सुटत नाही.

यातून सीएनजीवाल्या आगाराला एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. सीएनजीत गळती नाकाला कळावी म्हणून गंधकाचा वास मिसळलेला असतो. हायड्रोजनमध्ये तो मिसळता येत नाही, कारण तोच वास स्टॅक, म्हणजे बसमधली फ्युएल सेलची थप्पी, मारतो. त्यामुळे नाकावर विसंबण्याची सवय मोडावी लागते. सीएनजीसाठी वापरलेली नळी, फिटिंग, ग्रीस किंवा सील हायड्रोजन लाइनवर 'तात्पुरतं' लावणं हा तर सरळ गुन्हा समजा. धातू ३१६ एल स्टेनलेस, सील पुरवठादाराने लेखी मान्य केलेलं, आणि दुरुस्तीनंतर लाइन आधी नायट्रोजनने, मग हायड्रोजनने धुऊन, नमुना तपासूनच बसला जोडायची.

इलेक्ट्रोलायझर सौरवीजेवर चालवणाऱ्यांनी आणखी एक धोका ओळखून राहावा. वीज कमी पडली की यंत्र कमी भारावर चालतं आणि पडद्यातून ऑक्सिजन हायड्रोजनच्या बाजूला झिरपण्याचं प्रमाण वाढतं. दक्षिण कोरियात गांगनुंगला मे २०१९ मध्ये असाच ऑक्सिजन मिसळलेला हायड्रोजन साठवण टाकीत गेला, टाकी फुटली आणि दोन माणसं गेली. म्हणून ऑक्सिजनमापक, तो ठरावीक पातळीवर गेला की यंत्र आपोआप बंद होण्याची सोय आणि पुढे ऑक्सिजन काढणारं उत्प्रेरकाचं भांडं, हे तिन्ही नसतील तर प्रकल्पाला सही करू नका.

पंप: इथेच फेऱ्या रद्द होतात

इलेक्ट्रोलायझरमधून हायड्रोजन सुमारे ३० बारवर येतो, बसच्या टाकीत ३५० बार लागतात आणि मधला साठा ४५० ते ५०० बारवर ठेवावा लागतो. हे काम डायफ्रॅम कॉम्प्रेसर करतो, कारण त्यात तेल गॅसला लागत नाही. त्याची पातळ धातूची चकती दर फेऱ्याला वाकते. तो सलग चालला तर वर्षानुवर्षं टिकतो. दिवसातून दहादा चालू-बंद केला तर चकतीला तडा जातो, मध्ये तेल किंवा गॅस शिरतो, अलार्म वाजतो आणि पंप बंद. ३७४ किलो १० ते १२ तासांत दाबायला ताशी ३५ किलोचा कॉम्प्रेसर पुरतो. पण एक ७० चा घेण्याऐवजी ३५ चे दोन घ्या आणि प्रत्येकाला स्वतंत्र वीजफलक द्या. एक दुरुस्तीला गेला तरी सकाळी बस बाहेर पडतील. चकत्या, व्हॉल्व्ह आणि सील यांचा पूर्ण संच आगारातल्या कपाटात असलाच पाहिजे. परदेशातून सुटा भाग यायला आठवडे लागतात.

भरण्याचा वेग हा प्रश्न नाही. १९ किलो १० मिनिटांत भरतात, गाडी लावणं-काढणं धरून पंधरा. एका डिस्पेन्सरवर, म्हणजे बसला गॅस भरणाऱ्या यंत्रावर, २० बस पाच तासांत होतात. तरी डिस्पेन्सर दोनच हवेत, कारण नोझल आणि नळी हे सर्वात जास्त हाताळले जाणारे भाग आहेत. नोझलची ओ-रिंग कापली गेली की भरणं सुरू होण्याआधीच गळतीचाचणीत अडकतं. चालक बस थोडी पुढे घेऊन थांबला आणि नळी ताणली गेली, तर तुटनिरोधक जोड सुटतो. तो पुन्हा बसवणारं प्रशिक्षित माणूस पाळीवर नसेल तर तो डिस्पेन्सर रात्रभर गेला. साठवण मात्र दोन दिवसांची, म्हणजे ७५० किलोच्या आसपास ठेवा, आणि ती कमी, मध्यम, जास्त अशा तीन दाबांच्या गटांत विभागा. बस आधी कमी दाबाच्या गटातून भरायची, शेवटचा घोट फक्त वरच्या गटातून. सगळे गट सुरुवातीलाच उघडले तर आठवी-दहावी बस अर्धवट भरते आणि कुणालाच कारण कळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट होते. गॅस वेगाने दाबून टाकीत शिरला की टाकी तापते. मर्यादा ८५ अंशांची. टाक्या बसच्या टपावर असतात, मे महिन्यात दुपारी त्या भरण्याआधीच ५० अंशांच्या पुढे असतात. मग पंप सुरक्षेसाठी लवकर थांबतो, मीटरवर ३५० बार दिसतात, आणि रात्री टाकी थंड झाल्यावर दाब उतरतो. चालक म्हणतो गॅस चोरीला गेला. प्रत्यक्षात तो भरलाच गेला नव्हता. रात्री उशिरा आणि सावकाश भरणं हा फुकटचा उपाय आहे, गॅस आधी थंड करणारं यंत्र हा पैशांचा. शिवाय टाकीत शेवटचे १०-२० बार वापरता येत नाहीत, त्यामुळे ३० किलोच्या बसमध्ये हाताशी २७-२८ किलोच धरा. वेळापत्रक ३०० किलोमीटरच्या वर लावू नका.

बसच्या आत

स्टॅक म्हणजे पातळ पापुद्र्यांची थप्पी. प्रत्येक सेल भार घेताना साधारण ०.६५ व्होल्ट देतो, असे तीन-चारशे सेल एकावर एक. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने गाळलेली हवा. एक किलो हायड्रोजनमागे ९ किलो पाणी बाहेर पडतं. किलोत ३३.३ युनिट ऊर्जा असते, त्यातली निम्मी, म्हणजे १६-१७ युनिट वीज मिळते. उरलेली निम्मी उष्णता होते, आणि तीच भारतातली खरी अडचण आहे.

डिझेल इंजिनची सुमारे एक तृतीयांश उष्णता धुरावाटे निघून जाते आणि कूलंट ९५ अंशांपर्यंत तापलेला चालतो. फ्युएल सेलच्या बाहेर पडणाऱ्या हवेत फार उष्णता जात नाही, जवळजवळ सगळी रेडिएटरनेच काढावी लागते आणि कूलंट ७० अंशांच्या आसपास रोखावा लागतो. नागपुरात ४५ अंशांच्या दुपारी डिझेलच्या रेडिएटरला ५० अंशांचा फरक मिळतो, फ्युएल सेलला २५ चा. त्यात रेडिएटर टपावर आणि शेजारीच वातानुकूलनाचा कंडेन्सर गरम हवा सोडतोय, म्हणजे फरक २० वर आला. मग नियंत्रक स्टॅकची शक्ती कापतो, बॅटरी रिकामी होत जाते आणि बस चढावर रेंगाळते. निविदेत 'कमाल तापमान ४५ अंश' एवढंच लिहून भागत नाही. '४५ अंश बाह्य तापमानात, वातानुकूलन पूर्ण चालू असताना, स्टॅकने पूर्ण निव्वळ शक्ती सलग एक तास दिली पाहिजे' असं लिहा आणि तशी चाचणी बघा.

स्टॅक किती मोठा? शहरात ताशी १७ किलोमीटर सरासरीने किलोमीटरला १.४ युनिट म्हणजे सरासरी फक्त २४ किलोवॉट. सिग्नलवरून उसळी घेताना लागणारे दीड-दोनशे किलोवॉट बॅटरी देते. त्यामुळे सपाट शहरात ६०-७० किलोवॉटचा स्टॅक पुरेसा आहे. घाटात तो पुरत नाही. खोपोली ते खंडाळा साडेपाचशे मीटर चढ आहे. १६ टनांची भरलेली बस ५ टक्के चढावर ताशी ४० ने न्यायची तर चाकांवर १०५ किलोवॉट, विजेच्या बाजूला १२०, वर वातानुकूलन आणि बाकीचं १५. एकूण १३५. स्टॅकचे ७० वजा केले तर ६५ किलोवॉट बॅटरीतून, सतरा मिनिटं. म्हणजे १८ युनिट. ३५ युनिटच्या बॅटरीतला वापरण्याजोगा भाग २१. बॅटरी खोपोलीला भरलेली पोचली तर बस वर जाईल, अर्धी पोचली तर खंडाळ्याच्या आधीच धापा टाकेल. ताशी ३० ने गेलं तर हीच गरज १३ युनिटवर येते. उतरताना उलट प्रश्न: बॅटरीत १५ युनिटची जागा नसेल तर ब्रेकची ऊर्जा ठेवायला कुठे जागाच उरत नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर. म्हणून घाटाच्या बसला रिटार्डर (साधे ब्रेक न घासता वेग आवरणारं यंत्र) किंवा ब्रेकची वीज जाळणारा रोधक हवाच, आणि मार्गाचा नकाशा ओळखून बॅटरी आधी भरणारं-रिकामं करणारं नियंत्रण हवं. केंद्राने मार्च २०२५ मध्ये मंजूर केलेल्या ३७ हायड्रोजन वाहनांच्या प्रायोगिक प्रकल्पांत पुणे-मुंबई मार्ग आहे, त्यामुळे ही गणितं इथल्या अभियंत्यांनी हाताने करून पाहावीत.

उंचीवर अडचण वेगळी. लेहमध्ये साडेतीन हजार मीटरच्या वर पाच बसचा प्रकल्प आहे, दिवसाला ८० किलो हायड्रोजन आणि शेजारी १.७ मेगावॉटचा सौरप्रकल्प. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असतो. स्टॅकला तेवढाच ऑक्सिजन द्यायला हवेचा कॉम्प्रेसर जास्त फिरतो आणि ती वीज स्टॅकमधूनच जाते. वर थंडीत बस उभी करताना स्टॅकमधलं पाणी फुंकून काढावं लागतं, नाहीतर गोठून पापुद्रा फाटतो.

रोजची देखभाल

सर्वात जास्त वेळा दिसणारा आणि सर्वात सहज टाळता येणारा बिघाड कूलंटचा आहे. हा कूलंट विद्युतभारित पत्र्यांना भिडून वाहतो, म्हणून त्यातून वीज वाहता कामा नये. त्याची वाहकता सेंटीमीटरला ५ मायक्रोसिमेन्सच्या खाली ठेवायची. त्यासाठी आयन शोषणारं एक कार्ट्रिज असतं, ते भरलं की वाहकता चढते आणि डॅशबोर्डवर 'इन्सुलेशन कमी' असा इशारा येतो. मेकॅनिक उच्च व्होल्टेजच्या केबली उकलत बसतो, दोन दिवस जातात, आणि दोष असतो कार्ट्रिजचा. आधी कूलंटची वाहकता मोजा, मग केबलला हात लावा. पातळी कमी दिसली म्हणून कुणी नळाचं पाणी ओतलं, तर एका बादलीत सगळं कार्ट्रिज संपतं. भरण्याच्या झाकणाला कुलूप लावा आणि विआयनीकृत कूलंटचा डबा वेगळ्या रंगाचा ठेवा.

हवेच्या फिल्टरमध्ये धूळ अडवणाऱ्या कागदामागे सक्रिय कोळशाचा थर असतो. डिझेलचा धूर, गटारातला हायड्रोजन सल्फाइड, शेणखताचा अमोनिया, हे सगळं तो अडवतो. काळा दिसत नाही म्हणून तो चांगला आहे असं नाही, त्याची मुदत तासांवर पाळायची. स्वस्त नुसता कागदी फिल्टर बसवला तर काही महिन्यांत सेलचा व्होल्टेज उतरू लागतो.

स्टॅक झिजतो तो मुख्यतः चार कारणांनी: वारंवार बंद-चालू, बिनभार चालत राहणं, पापुद्रा कोरडा पडणं, आणि एखाद्या सेलला हायड्रोजन कमी पडणं. शेवटचं सर्वात वाईट. त्या सेलचा व्होल्टेज उलटतो आणि सेलमधला कार्बनच जळू लागतो. म्हणून रोज रात्री प्रत्येक बसचा सर्वात कमी सेल-व्होल्टेज डाउनलोड करून लिहायला लावा. सरासरी नव्हे, सर्वात कमी. चारशेमधला एक सेल आठवडाभर इतरांपेक्षा खाली घसरत असेल तर स्टॅक उघडण्याची ती वेळ आहे, रस्त्यात थांबल्यावर नव्हे. स्टॅक १० टक्के उतरला की तेवढ्याच कामाला जास्त गॅस जातो आणि जास्त उष्णता होते. मार्चमध्ये ठीक वाटलेली जुनी बस मे महिन्यात शक्ती कापते, ती यामुळे.

कार्यशाळा आणि सुरक्षा

हायड्रोजन हवेत ४ ते ७५ टक्के असताना पेटतो आणि पेटायला ठिणगी अगदी नगण्य पुरते. त्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: तो हवेच्या चौदापट हलका आहे, उघड्यावर झटकन वर निघून जातो. अडकला तरच घात. म्हणून दुरुस्तीच्या शेडचं छप्पर बघा. तुळयांच्या मधल्या खळग्यांत, फॉल्स सीलिंगच्या वर, पत्र्याच्या वळणात गॅस साचतो. सर्वात उंच जागी कायम उघडी झरोकापट्टी हवी, सेन्सर छताशी हवेत, आणि ०.४ टक्क्याला इशारा, ०.८ टक्क्याला वीज तोडून पंखे सुरू, असं लावा. छतालगतचे दिवे ज्वालारोधक घ्या. टपावर काम करायला कठड्याचा मंच लागतो, शिडी चालत नाही. टाक्या सुरक्षितपणे रिकाम्या करण्याची उंच नळीही हवी. सीएनजी आगारात यातलं बरंच आधीच असतं, पण तिथले सेन्सर मिथेनसाठी बेतलेले असतात, हायड्रोजनसाठी त्यांच्यावर विसंबता येत नाही.

हायड्रोजनची ज्वाला दिवसा दिसत नाही. जुन्या कारखान्यांत लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचे, तो पेटला की ज्वाला सापडली. आज अतिनील-अवरक्त ज्वालामापक घ्या, पण आग लागली की आधी गॅस बंद करायचा, ज्वाला विझवायची नाही, हे पहिल्या दिवसापासून शिकवा. गॅस सुरू ठेवून ज्वाला विझवली तर न जळलेला गॅस साचून स्फोट होतो. नॉर्वेत सँडविकाचा पंप जून २०१९ मध्ये उडाला, तो साठवण टाकीच्या झाकणाचे बोल्ट नीट आवळले गेले नव्हते म्हणून. दोनशे जोडांवर टॉर्क पाना लावून, खूण करून, दुसऱ्याने तपासून सही करायची. या कामात घाई करणारा माणूस नको.

वाहनासाठी एआयएस १५७ या वाहन-मानकाची आणि टाक्या-साठवणीसाठी पेसोची (स्फोटक आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची) मंजुरी लागते. ती कागदपत्रं बस येण्याआधी वर्षभर हातात घ्या.

कराराची कलमं

हमी किलोमीटरवर घेऊ नका, तासांवर घ्या. ताशी १७ च्या सरासरीने २२० किलोमीटर म्हणजे रोज १३ तास, वर्षाला जवळपास ४,३००. २५,००० तासांचा चांगला स्टॅकही सहा वर्षांत संपतो आणि बसचं आयुष्य बारा. म्हणजे एक स्टॅक बदलणं किमतीत धरलंच पाहिजे. पुरवठादार 'पाच लाख किलोमीटर' म्हणतात ते महामार्गावरचे असतात. हायड्रोजनचा दर किलोला ४०० रुपये पडला तर किलोमीटरला ३४ रुपये, ६०० पडला तर ५१. डिझेलचे लिटरला ९० धरले तर ३०, बॅटरीचे युनिटला ९ धरले तर साडेबारा. आणि पंपाच्या उपलब्धतेवर दंड लावा: महिन्यात ९८ टक्के तास पंप सुरू, नाहीतर बुडालेल्या किलोमीटरची भरपाई गॅसवाल्याकडून.

तुमच्या २० बसबद्दल माझं मत स्पष्ट आहे. रोज २२० किलोमीटर आणि रात्री आगारात मुक्काम असेल तर बॅटरी घ्या. तेवढ्या अंतराला हायड्रोजनचा कोणताही फायदा कामी येत नाही. रोज २८०-३०० किलोमीटरचे, चार्जिंगला थांबायला वेळ नसलेले आंतरशहरी किंवा घाटाचे मार्ग असतील, आणि ५०-६० किलोमीटरच्या आत कॉस्टिकचा कारखाना गॅस हवेत सोडत असेल, तर मात्र त्या मार्गांपुरत्या किमान दहा बस घ्या. पाच बससाठीही तेवढेच दोन कॉम्प्रेसर, तेच सेन्सर, तेच मनुष्यबळ लागतं, आणि तो खर्च पाच बसवर वाटला की किलोचा दर कुणालाच झेपत नाही. कारखान्याकडे आजच एक गोष्ट मागा: महिनाभर रोज घेतलेल्या नमुन्यांचा आयएसओ १४६८७ नुसार तपासणी अहवाल, गंधक आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे आकडे वेगळे दाखवून. तो हातात येईपर्यंत बसच्या निविदेचं पहिलं पानही लिहू नका.